पाच वाजता थांबलेलं आख्यान

आल्मेरे ह्या डच गावातल्या आमच्या वस्तीचं सभागृह सहा आठवडे आधी मागून ठेवावं लागतं. ह्या एका नियमापायी माझी चांगलीच फजिती झाली.

माझी लेक अमृता तिकडे दक्षिणेला, मास्ट्रिख्टला, एका इस्पितळात हृदयविभागात काम करत होती. इथे सहा वर्षं शिकून माणूस डॉक्टर होतो खरा, पण कशाचाच नाही. हृदयाचा, डोळ्यांचा किंवा कातडीचा डॉक्टर व्हायचं तर पुढच्या शिक्षणाची जागा मिळावी लागते. हृदयाच्या जागा मोजक्या आणि मागणारे चिक्कार. ज्यांना मिळत नाही ते त्याच विभागात, त्याच पांढऱ्या कोटात, तेच काम करत राहतात; फक्त ते शिकताहेत असं कुणी धरत नाही. अमृताने अशी तीन वर्षं काढली होती. एकदा नकार येऊन गेला होता. दुसऱ्यांदा अर्ज केला, मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि माझ्या अंगात आलं.

निकाल एप्रिलमधल्या एका गुरुवारी लागणार होता. त्यानंतरच्या रविवारी कीर्तन हवं, तर हॉल फेब्रुवारीतच सांगायला हवा. मी सांगितला. आणि नुसता हॉल सांगून थांबले असते तर मी मी कसली. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कळवूनही टाकलं: चि. अमृता हिला हृदयरोगशास्त्रात जागा मिळाल्याप्रीत्यर्थ कीर्तन, सर्वांनी अगत्य येणे. बेचाळीस जणांनी हात जोडले.

"विशाखा, निकाल तरी लागू दे," प्रताप म्हणाला. प्रताप म्हणजे माझा नवरा. रोज आगगाडीने ॲमस्टरडॅमला जातो आणि प्रत्येक गोष्टीची चाचणी झाल्याशिवाय ती झाली असं मानत नाही.

"पांडुरंगाला ठाऊक आहे," मी म्हटलं.

"त्याला असेल. कमिटीला कळवलंय का त्याने?"

गुरुवारी अमृताचा फोन आला. "आई, नाही झालं." मागे वाऱ्याचा आवाज होता, बहुतेक सायकल हातात धरून उभी होती. मग म्हणाली, "आणि ते कीर्तन कॅन्सल कर प्लीज."

"कीर्तन कॅन्सल होत नसतं, बाळा."

"का? हॉलच तर आहे. एक ईमेल टाकायचा."

"देवापुढे बोललेलं आहे."

"आई, तू देवापुढे नाही, व्हॉट्सॲपवर बोललीयस."

शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आली. पाठीवर पिशवी, डोळे सुजलेले, आणि हातात सोमवार दुपारी बारापर्यंतची मुदत. तिच्यापुढे दोन दारं उघडी होती. एक तिच्या प्रोफेसरांचं: चार वर्षं संशोधन करायचं, डुकराच्या धमन्या तपासायच्या, मग हृदयासाठी पुन्हा अर्ज. जागेची हमी नाही, पण आशा आहे. दुसरा एक अर्ज होता म्हाताऱ्या माणसांच्या डॉक्टरकीचा, तीन वर्षांच्या शिक्षणाचा. तो तिने मैत्रिणीचं बघून भरायला घेतला होता आणि अर्धवट ठेवला होता. प्रोफेसरांना उत्तर सोमवारी बारापर्यंत हवं होतं, आणि अर्जही सोमवारी बारालाच बंद होत होता. एकाला हो म्हटलं की दुसरं दार लागलं.

मला ह्यातलं काही कळत नव्हतं, आणि न कळणाऱ्या गोष्टीजवळून मला पुढे जाता येत नाही. शनिवारी सकाळी मी माझी पाककृतींची वही घेऊन तिच्यासमोर बसले.

"अजून काय काय होता येतं? सगळं सांग."

"आई, प्लीज."

"मला माहिती हवी म्हणून विचारतेय. तुला काही हो म्हणायला सांगत नाहीये."

तिने कॉफीचा मग दोन्ही हातांत धरला. "बेड्राइफ्सआर्ट्स होता येतं. कंपनीचा डॉक्टर. बाबांची पाठ दुखते तेव्हा त्यांना ज्याच्याकडे पाठवतात तो."

"तो तर फक्त खुर्ची बदलायला सांगतो," आतून प्रताप म्हणाला.

"मग विम्याचा डॉक्टर. आजारी माणूस किती काम करू शकतो ते ठरवायचं."

"त्यालाही डॉक्टर लागतो?"

"लागतो. चार वर्षं शिकतात."

"आणि दिवसभर काय करतात?"

"ऐकतात. मग लिहितात. मग सरकारी आरोग्य खातं. लसी, साथी, शाळांमधली मुलं. मग मानसोपचार. मग हाउसआर्ट्स, आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरसारखे. झालंच तर बेल्जियमला जा, तिथे नशीब काढ."

मी लिहून घेतलं. मागच्या पानावर साबुदाणावडे होते, पुढच्यावर माझ्या लेकीचं आयुष्य. खरं सांगते, मला त्या यादीचं नवलच वाटत होतं. पंचवीस वर्षं ह्या देशात राहून, पंधरा वर्षं पाळणाघरात काम करून, डॉक्टर इतक्या तऱ्हांचे असतात हे मला माहीत नव्हतं. मी प्रत्येकाबद्दल विचारत गेले: बसतो कुठे, हात कशाला लावतो, घरी किती वाजता येतो. ती आधी वैतागून उत्तरं देत होती, मग जरा बरी देऊ लागली.

"आणि म्हाताऱ्यांचा?"

"त्याच्या जागा रिकाम्या पडलेल्या असतात. कुणाला नको असतात." ती खिडकीबाहेर बघू लागली. "म्हणून तर, आई. जे कुणालाच नको ते मी घ्यायचं, असं होतं ते."

दुपारी आमच्याकडे कीर्तन करणारा श्रीधर आला. डेल्फ्टला बंधाऱ्यांवर पीएचडी करणारा तिशीचा मुलगा. वडील मिरजेचे कीर्तनकार, त्यांच्याकडून सगळं उचललेलं. एका हातात चिपळ्या-झांजांची पिशवी आणि दुसऱ्यात पगडीचा गोल डबा घेऊन तो आगगाडीने येतो. डब्यात केक आहे असं समजून एका बाईंनी एकदा त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. आदल्या दिवशी येऊन तो प्रतापबरोबर पेटीचे सूर जमवून घेतो. शनिवारी तो श्रीधर असतो आणि माझ्या हातची थालीपिठं खातो. रविवारी पगडी चढली की तो बुवा होतो, आणि मी, त्याच्या आईच्या वयाची, त्याच्या पाया पडते. कारण तेव्हा तो नारदाच्या गादीवर असतो. अमृताला ह्याचं फार हसू येतं.

थालीपीठ खाता खाता तो म्हणाला, "काकू, आख्यान कुठलं लावू? प्रसंग आता... बदलला ना."

"तुझ्या मनाला येईल ते लाव."

माझ्या हातात अमृताचं पत्र होतं. प्रिंटरवरून उचललेलं, न विचारता. त्यावरून झालेलं बोलणं इथे सांगत नाही. मी ते दोनदा वाचलं होतं. म्हाताऱ्यांच्या डॉक्टरकीच्या अर्जाला जोडायचं पत्र: मला हे का करायचं आहे. समाज म्हातारा होत चालला आहे, सहवेदना महत्त्वाची आहे, समूहात काम करण्याची मला आवड आहे. शुद्ध, सरळ डच.

"हृदयासाठी लिहिलंस तेही असंच होतं?" मी विचारलं.

"साधारण. का?"

"कारण ह्यात नुसता पूर्वरंग आहे."

श्रीधर खाताना थांबला आणि हसला. अमृताने त्याच्याकडे बघितलं. "काय?"

"कीर्तनात आधी सिद्धान्त मांडतात," तो म्हणाला. "तो पूर्वरंग. मग तो पटवायला एक गोष्ट सांगतात, ते आख्यान. काकू म्हणताहेत की तू नुसता सिद्धान्त सांगितलास आणि आरती करून मोकळी झालीस."

"लोकांना झोप येते," मी म्हटलं.

"थँक यू, आई."

"मग सांग एखादी," श्रीधर म्हणाला. "तीन वर्षांतली. पटकन आठवेल ती."

तिला वाटलं तो चेष्टा करतोय. पण तो ताट बाजूला सारून नीट बसला, कीर्तनकार बसतात तसा, ऐकायला. आणि ती सांगायला लागली.

एक आजी होत्या, त्र्याऐंशी वर्षांच्या. नाव तिने सांगितलं नाही, सांगायचं नसतं. घरात दोनदा चक्कर येऊन पडल्या म्हणून आणल्या. हृदयाची एक झडप अरुंद झालेली, ती बदलायची असं ठरत आलेलं. सकाळी सगळे डॉक्टर फौजफाट्यासह आले, झडपेकडे बघून गेले. अमृता दुपारी चार वाजता एका सहीसाठी परत गेली. आजी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, पायात पुरुषी सपाता, तीन मापं मोठ्या. वारलेल्या नवऱ्याच्या.

"मी म्हटलं, ह्यांनी पडाल. तर म्हणाल्या, ह्यांनी नाही गं पडत, ह्यांनी मी चालते." बोलता बोलता अमृताचे हात हलायला लागले होते. "मग मी बसले. त्यांची गोळ्यांची पिशवी बघितली. रक्तदाबाची एक गोळी पांढऱ्या खोक्यात, एक निळ्या. आई, एकच गोळी. औषधाच्या दुकानाने कंपनी बदलली, खोक्याचा रंग बदलला. त्यांना वाटलं नवीन औषध आलं. दोन्ही घेत होत्या. दोन महिने."

"अगंबाई."

"एक बंद केली. तीन दिवसांत चक्कर गेली. झडपेचं पुढे ढकललं. सगळे खूश. आणि त्यांना फक्त एकच हवं होतं: वर स्वतःच्या पलंगावर झोपायचं. पडायच्या भीतीने दोन महिने खाली सोफ्यावर झोपत होत्या. जिने कसे असतात इथले, शिडीसारखे. मी त्यांना आमच्या जिन्यावर नेऊन चढायचा सराव करून घेतला. सपाता काढून." ती हसली, गुरुवारनंतर पहिल्यांदा. "मग घरी गेल्या."

मीच विचारलं, "मग चढल्या का?"

"काय?"

"घरचा जिना. चढल्या का?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पेशंट गेला की आपलं संपतं. बेड दुसऱ्याला."

"फोन नाही केलास?"

"आई, असं नसतं करायचं. त्यांची फाइलसुद्धा उघडून बघता येत नाही आता मला. कायदा आहे."

"पण झालं काय मग?"

"माहीत नाही म्हटलं ना." ती उठली, ताटं गोळा करू लागली, आणि बेसिनशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "मी एकदा आल्बर्ट हाइन सुपरमार्केटमध्ये त्या आजींसारख्याच कोटातली एक बाई बघून तिच्यामागे चीजपर्यंत गेले होते. त्या नव्हत्या."

श्रीधरने झांजा पिशवीतून काढून फडक्याने पुसल्या.

रविवारी कीर्तन तीनला होतं, म्हणजे सव्वातीनपर्यंत आम्ही पाच जण होतो. कुणाची गाडी चुकली, कुणी रांगोळीचा डबा विसरून परत गेलं. सुरू झालं तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. नमन झालं, पूर्वरंग झाला. मध्यंतरात मी बुवांना हार घातला, पाया पडले, सगळ्यांना बुक्का लावला. मग माइक हातात घेतला, कारण त्या बेचाळीस जणांना काहीतरी सांगायला हवं होतं.

"अमृताला जागा मिळालेली नाही," मी म्हटलं. "मी घाईने कळवलं, चूक माझी. कीर्तन देवाचं आहे, ते होतंय. पोहे भरपूर आहेत."

कुणी हसलं, कुणी हळहळलं. डेन हागच्या मंजूषाताईंनी अमृताचा हात धरून पुढच्या वेळी नक्की, असं तीनदा सांगितलं, आणि मग पुण्यातल्या सासऱ्यांचे रिपोर्ट मोबाइलवर दाखवले. अमृताने ते वाचले. नीट वाचले आणि दोन प्रश्नही विचारले.

बुवा आख्यानाला उभे राहिले. आख्यान त्यांनी कुठून काढलं देव जाणे, मी पूर्वी ऐकलेलं नव्हतं. एका गावात एक म्हातारी माळीण. साठ वर्षं देवाचा हार तीच ओवणार. आता तिचे हात थरथरतात, गाठ बसत नाही, हार देवापर्यंत नेईतो निम्मी फुलं वाटेत गळतात. पुजारी नवा आहे, नीटनेटका. तो म्हणतो, आजी, उद्यापासून येऊ नका, हार मी शहरातून मागवला आहे. ती उलटून बोलत नाही, नुसती जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे पुजारी शहरातला हार घेऊन येतो. बुवांनी आवाज खाली आणला. पेटीवर प्रतापने एकच सूर धरून ठेवला. पुजारी देवळाच्या कडीला हात घालतो, दार ढकलतो, आत बघतो, तो—

दाराशी यान उभा होता. सभागृहाचा राखणदार, भला माणूस, पण घड्याळाचा पक्का. पाच वाजले होते. त्याच्यामागे काउबॉय टोप्या घातलेल्या दहा-बारा डच आज्या, पाच ते सात त्यांचं लाइन डान्सिंग.

"पाच मिनिटं," मी त्याला डचमध्ये विनवलं.

"मॅडम, पाच म्हणजे पाच. ह्या बायका उभ्या आहेत."

आख्यान अर्धं टाकत नाहीत. घरी कुणी आजारी पडलं, बाहेर आग लागली, तरी गोष्ट कडेला लावून, आरती करून मगच उठायचं, असं मी लहानपणापासून बघत आले. आणि इथे आम्ही सतरंज्या गुंडाळत होतो. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बुवा पगडी काढून डब्यात ठेवणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"श्रीधर, एक मिनिट. आत काय दिसलं त्याला?"

अमृता. जी लहानपणी कीर्तनाला गणिताचं पुस्तक घेऊन बसायची, ती.

"आता कुठे सांगू?" तो म्हणाला.

"बाहेर. सायकलींच्या तिथे."

सायकलींच्या छपराखाली आम्ही सगळे दाटीवाटीने उभे राहिलो. वारा असा की माझा पदर सीटमध्ये अडकला. बुवांनी सायकलींच्या मधल्या जागेत पाय रोवले, पगडी परत घातली. कुतूहलाने दोन टोपीवाल्या आज्याही बाहेर आल्या. त्यांतल्या एकीने अमृताला हळूच विचारलं, हा माणूस कशावर चिडलाय. अमृता तिला डचमध्ये गोष्ट सांगू लागली, अगदी पहिल्यापासून. साठ वर्षं, थरथरते हात, गळणारी फुलं.

"आणि मग?" आजी म्हणाल्या.

"थांबा, आता कळेल."

आत देव होता तसाच होता. पुजाऱ्याने शहरातला हार त्याच्या गळ्यात घातला, तो घसरून पडला. पुन्हा घातला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर पुजारी हार तिथेच टाकून माळिणीच्या घरी गेला. ती अंगणात बसून ओवतच होती. कुणी मागितला नव्हता, तरी. पुजारी तिच्याशेजारी मातीत बसला. ओवताना गळेल ते फूल उचलायचं, तिच्या हातात द्यायचं. गळेल ते उचलायचं, हातात द्यायचं. दुपार झाली, हार पूर्ण झाला, आणि देवाने तो घेतला.

अमृता शेवटपर्यंत भाषांतर करत राहिली. टोपीवाल्या आजींनी मान हलवली. "चांगला पुजारी निघाला," त्या म्हणाल्या आणि नाचायला गेल्या.

हॉलमध्ये ज्योत लावायला बंदी असते, आग लागली असं समजून घंटा वाजते. तिथे आम्ही विजेच्या दिव्यावर आरती करतो. बाहेर तो प्रश्न नव्हता. प्रतापने कोटाचा आडोसा धरला आणि मी खरं निरांजन लावलं. तीनदा विझलं, चौथ्यांदा राहिलं.

घरी आल्यावर अमृता जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली आणि ते पत्र तिने पुसून टाकलं. मी भांडी लावत होते. मध्येच तिने विचारलं, "आई, म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये पेशंट वर्षानुवर्षं तोच असतो. तुला माहीत होतं?"

"मला कसं माहीत असणार. तूच तर सगळं सांगतेस."

"सांगतेय." ती परत लिहू लागली.

मला आत कुठेतरी दुखत होतं, हे लपवत नाही. हृदयाची डॉक्टर हे शब्द मी फोनवर पुण्याला किती वेळा बोलले असेन. ते आता बोलायला मिळणार नव्हते. पण काल तिचे हात हलले होते ते झडपेसाठी नाही, सपातांसाठी, हे मी बघितलं होतं. आयुष्यभर कीर्तनं ऐकल्यावर एवढं कळतं, की सांगणाऱ्याचा जीव कुठे रमतोय.

सोमवारी सकाळी अकराला तिने प्रोफेसरांना नाही कळवलं आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी अर्ज पाठवला. मग अंथरुणात जाऊन थोडी रडली. मी जाऊन बसले.

मे महिन्यात मुलाखत झाली. मुलाखत संपवून तिने स्टेशनवरून फोन केला.

"तिघं जण होते. मधल्या बाईंच्या हातात माझं पत्र होतं. पहिलाच प्रश्न काय असेल?"

"काय?"

"त्या आजी जिना चढल्या का?"

मी खुर्चीत बसले. "मग तू काय सांगितलंस?"

"माहीत नाही म्हटलं. म्हणून तर आलेय, म्हटलं."

"हसले?"

"नाही. त्या बाईंनी चष्मा काढला, आणि त्यांच्या एका पेशंटचं सांगत बसल्या. वीस मिनिटं. मला बोलायला वेळच उरला नाही." गाडी आल्याचा आवाज झाला. "आणि आई, आधीच सांगते, मिळाली तरी फार भाव खाऊ नकोस. जागा रिकाम्या असतात तिथे."

जागा मिळाली. पत्र आलं, प्रतापने ते दोनदा वाचलं, सही-शिक्का बघितला, आणि मगच मला हॉलसाठी फोन करू दिला. सहा आठवड्यांनंतरचा रविवार मिळाला आहे.

किती ते किती, यानने विचारलं.

तीन ते सात, मी म्हटलं. टोपीवाल्या आज्या आठला यायला तयार आहेत.